घरात समुद्र आणणारा कारकून

न्यू जर्सीला पुतण्याच्या दिवाणखान्यात प्रवाळांची काचेची टाकी आहे. दर वेळी गेलो की तिच्यात काहीतरी नवे दिसते. ट्यूबलाइट जाऊन एलईडी आले, घरघरणारा पंप जाऊन बिनआवाजाचा आला, फेसाबरोबर घाण वर काढणारे स्किमर आले. मिठाची पिशवी मात्र कायम. बादलीत ते मीठ कालवताना बघितले की मला फिलिप हेन्री गॉस आठवतो.

गॉसचा जन्म १८१० सालचा, इंग्लंडमधल्या वुस्टरचा. वडील लघुचित्रे रंगवून पोट भरणारे, त्यामुळे घरी चणचण. सतराव्या वर्षी पोरगा न्यूफाउंडलंडला एका व्यापारी पेढीवर कारकून म्हणून रुजू झाला. (जन्मभर खातेवह्या तपासलेल्या मला हा गृहस्थ जवळचा वाटतो तो इथून.) १८३२ मध्ये त्याने सूक्ष्मदर्शकावरचे एक पुस्तक विकत घेतले आणि पेढीवरचे लक्ष किड्यामुंग्यांकडे वळले. पुढे कॅनडात शेती फसली, अलाबामात मास्तरकी झाली, जमैकात पक्ष्यांचा अभ्यास झाला. १८५२ मध्ये प्रकृती ढासळली, तेव्हा बायको एमिली आणि छोट्या एडमंडला घेऊन तो डेव्हनच्या किनाऱ्यावर आला.

समुद्रातले जीव घरी आणले की मरत, ही तेव्हाची खरी अडचण. ॲना थिन नावाच्या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीहून लंडनला प्रवाळ आणले होते. पाण्यात हवा खेळावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसे. आजच्या पंपाचे काम तेव्हा ती बिचारी करीत होती! गॉसने हे काम समुद्रशेवाळावर सोपवले. उजेडात शेवाळ प्राणवायू सोडते आणि जीव तगतात. काचेवर हिरवा थर धरू लागला, तर तो चरून साफ करायला छोट्या समुद्री गोगलगायी. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले, त्यासाठी जीव गोळा करून दिले ते गॉसने. पुढच्याच वर्षी त्याचे पुस्तक निघाले आणि ॲक्वेरियम हा शब्द घरोघरी गेला.

पण लंडनकरांनी समुद्राचे पाणी आणायचे कुठून? गॉसने चार क्षारांचा हिशेब मांडला: साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. हे पाणी तयार झाले की आधी नुसते शेवाळ सोडायचे, काही दिवस धीर धरायचा, मगच जीव. पुतण्याच्या पिशवीत यापेक्षा बरेच काही असते. पण नवी टाकी भरल्यावर धीर त्यालाही धरावा लागतो.

काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. गॉसची पुस्तके हाती धरून, हातोड्या आणि बादल्या घेऊन, कुटुंबेच्या कुटुंबे डेव्हनला लोटली. खडकांमधली डबकी ओरबाडली गेली.

१८५७ मध्ये एमिली कर्करोगाने गेली. त्याच वर्षी, जीवाश्मांसकट सृष्टी देवाने एकदमच घडवली असे सांगणारे त्याचे पुस्तक आले. शास्त्रज्ञ हसले, आणि भाविकांनाही ते पटले नाही. सात-आठ वर्षांच्या एडमंडला घेऊन गॉस डेव्हनमधल्या सेंट मेरीचर्चला राहायला गेला. बापलेक गुडघाभर पाण्यात उतरून समुद्रफुले शोधत.

गॉस १८८८ मध्ये वारला. १९०७ मध्ये एडमंडने वडिलांवर पुस्तक लिहिले. लहानपणी फुलांनी भरलेली पाहिलेली ती डबकी उजाड झाल्याचे त्यात आहे. हे आपल्याच पुस्तकांमुळे घडले हे वडिलांना कळून चुकले होते आणि त्याचे त्यांना फार वाईट वाटे, हेही त्याने लिहून ठेवले आहे.