डोळे मिचकावणारा ॲडमिरल

शाळेच्या आठवणी या स्मरणिकेत पानोपानी असणारच. डबा, छडी, गॅदरिंग, मैदानावरचं ते झाड. माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे त्यावर लिहितील. मी मात्र इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत संपलेल्या एका गोष्टीच्या मागच्या माणसाबद्दल लिहिणार आहे. अमेरिका पहिल्या महायुद्धात १९१७ साली उतरली, हे आपण कारणांसह पाठ केलं होतं. त्या कारणांत एक तार होती. ती तार ज्याच्या हाती लागली, तो ब्रिटिश नौदलातला अधिकारी म्हणजे विल्यम रेजिनल्ड हॉल.

हॉलचा जन्म १८७० चा, इंग्लंडमधल्या सॉल्झबरीचा. वडील नौदलातच होते आणि तिथल्या गुप्तवार्ता विभागाचे पहिले प्रमुख होते. चौदाव्या वर्षी, १८८४ मध्ये, मुलगा 'ब्रिटानिया' या प्रशिक्षण जहाजावर दाखल झाला. त्याचे डोळे सारखे मिचकत, म्हणून नौदलात त्याचं नाव पडलं 'ब्लिंकर'. टोपणनावाच्या बाबतीत जगभरची मुलं सारखीच, हे आपल्या वर्गाला वेगळं सांगायला नको.

१९०९ च्या सुमारास तो 'कॉर्नवॉल' या जहाजाचा कप्तान होता. जर्मनीच्या कील बंदरात किती गोद्या बांधल्या आहेत हे त्याला पाहायचं होतं. त्याने वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकची वेगवान मोटरबोट मागून घेतली, नेमक्या जागी ती बंद पडल्याचं नाटक केलं आणि आत लपलेल्या लोकांनी फोटो काढले. पुढे १९१३ मध्ये 'क्वीन मेरी' ही नवीकोरी युद्धनौका त्याला मिळाली. तिच्यावर त्याने खलाशांसाठी प्रार्थनाघर, सिनेमा, पुस्तकांचं दुकान, कपडे धुण्याची यंत्रं अशा सोयी केल्या. कामाच्या पाळ्या दोनच्या तीन केल्या, म्हणजे माणसांना झोप मिळू लागली. जुन्या अधिकाऱ्यांनी नाकं मुरडली, पण पुढे बऱ्याच जहाजांनी त्याचं अनुकरण केलं.

युद्ध सुरू झालं आणि तब्येतीने दगा दिला. समुद्रावरचं काम झेपेना. लढाऊ कप्तानाला ऐन युद्धात टेबलामागे बसावं लागणं ही तेव्हा शिक्षाच वाटली असणार. १९१४ च्या नोव्हेंबरात त्याला नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचं प्रमुख केलं, वडिलांच्याच खुर्चीवर.

तिथे एक विलक्षण उद्योग आधीच सुरू झाला होता. युद्ध पुकारल्यावर दुसऱ्याच दिवशी, ५ ऑगस्टला, 'अलर्ट' नावाच्या जहाजाने समुद्राखालच्या जर्मन तारा कापून टाकल्या. आता जर्मनीला दूरवर निरोप पाठवायचा तर बिनतारी यंत्रणेने किंवा दुसऱ्या देशाच्या तारेवरून पाठवावा लागे, आणि दोन्ही चोरून ऐकता येत. ते संदेश उलगडायचं काम आल्फ्रेड यूइंग यांच्याकडे होतं. आपल्यातल्या इंजिनिअर मंडळींनी इथे कान टवकारावेत. लोखंडाच्या चुंबकत्वाचा अभ्यास करताना 'हिस्टेरेसिस' हा शब्द ज्यांनी रूढ केला, तेच हे यूइंग. लंडनच्या नौदल मुख्यालयात जुन्या इमारतीतली ४० क्रमांकाची खोली या गटाला मिळाली आणि गटाचंच नाव 'रूम ४०' पडलं. त्यात प्राध्यापक, भाषापंडित, प्रकाशन व्यवसायातला एक तरुण असे लोक होते, नंतर बायकाही आल्या.

मधल्या सुट्टीत आपण 'च'ची भाषा बोलायचो, तिची चावी एकदा कळली की सगळं कळे. जर्मन नौदलाची पद्धत निराळी होती. त्यांच्याकडे जाडजूड कोशच होते. प्रत्येक शब्दाला एक सांकेतिक अक्षरगट, आणि त्यावर पुन्हा आणखी एक कुलूप. असा कोश हाती लागल्याशिवाय काम फार कठीण. नशीब असं, की चार महिन्यांत तीन कोश हाती आले. एक बाल्टिक समुद्रात अडकलेल्या 'माग्डेबुर्ग' या क्रूझरवरून रशियनांनी मिळवून दिला, एक मेलबर्नजवळ पकडलेल्या व्यापारी जहाजावर सापडला, आणि तिसरा मासेमारी बोटीच्या जाळ्यात आलेल्या पेटीत.

पण माहिती असणं आणि ती वापरता येणं यात अंतर आहे. ते १९१६ च्या ३१ मे रोजी जटलंडच्या लढाईत दिसलं. संदेश उलगडणाऱ्यांना माहीत होतं की जर्मन सेनापती शीअर समुद्रावर निघाला की आपली बिनतारी खूण 'डीके' बंदरातल्या केंद्राला देऊन जातो. त्या दिवशी युद्धसंचालन विभागाचे प्रमुख कॅप्टन जॅक्सन खोलीत आले, 'डीके' कुठे आहे एवढंच त्यांनी विचारलं, विल्हेल्म्सहाफेनमध्ये हे उत्तर ऐकलं आणि निघून गेले. का विचारताय, असं त्यांना विचारायची या नागरी लोकांची प्राज्ञा नव्हती. समुद्रावर जेलिकोला कळवलं गेलं, की शत्रूचं मुख्य दल अजून बंदरातच आहे. काही तासांत तेच दल त्याच्यासमोर उभं राहिलं. मग मुख्यालयाच्या माहितीवर त्याचा विश्वास कसा राहणार? त्या रात्री शीअर कुठल्या वाटेने घरी परतणार हे सांगणारे संदेशही उलगडले होते, त्यातले महत्त्वाचे त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत.

त्याच दुपारी 'क्वीन मेरी' स्फोट होऊन बुडाली. १,२६६ माणसं गेली, वाचली वीसच्या आसपास. प्रार्थनाघर आणि सिनेमा असलेली, हॉलच्या हाताखाली घडलेली ती नौका. रूम ४० तेव्हा पूर्णपणे हॉलच्या ताब्यात नव्हती, ती १९१७ मध्ये आली. मग त्याने उलगडलेले सुटे कागद वर पाठवण्याऐवजी अर्थ लावलेले अहवाल पाठवायची पद्धत बसवली. इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर मला या माणसाचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं, नाव जरी त्या तारेमुळे झालं असलं तरी.

ती तार अशी. जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमन याने १९१७ च्या जानेवारीत मेक्सिकोतल्या आपल्या राजदूताला कळवलं, की अमेरिका युद्धात आलीच तर मेक्सिकोने आपल्या बाजूने यावं, बदल्यात टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना परत मिळवायला मदत करू. गंमत म्हणजे तार गेली अमेरिकेच्याच राजनैतिक तारेवरून. ती लंडनमार्गे जाई आणि तिथे ब्रिटिश ती वाचत. १७ जानेवारीला तिचा काही भाग उलगडला.

आता पंचाईत. तार दाखवावी तर जर्मनांना कळणार की संकेत फुटले, आणि अमेरिकेला कळणार की मित्र म्हणवणारे आपल्याच तारा वाचतात. हॉलने ती दोन-अडीच आठवडे परराष्ट्र खात्यालाही दाखवली नाही. त्याने ओळखलं, की वॉशिंग्टनहून मेक्सिकोला हा निरोप साध्या व्यापारी तारेने, जुन्या संकेतात पुढे गेला असणार. मेक्सिकोच्या तारघरातून त्याची प्रत मिळवली. आता तार मेक्सिकोतून फुटली असं भासणार होतं. अमेरिकेने आपल्याच तार कंपनीच्या दप्तरातून तीच प्रत शोधावी आणि ती लंडनच्या अमेरिकन वकिलातीत त्यांच्यासमोर उलगडावी, अशी व्यवस्था केली. १ मार्चला ती वर्तमानपत्रांत आली. बनावट आहे असा ओरडा झाला, पण ३ मार्चला खुद्द झिमरमननेच ती आपली असल्याचं कबूल केलं. ६ एप्रिलला अमेरिकेने युद्ध पुकारलं. पाणबुड्यांचे हल्ले हे मोठं कारण होतंच, या तारेने उरलीसुरली शंका घालवली.

इथवर वाचून हॉल आवडू लागला असेल, तर पुढचंही वाचा. हाच झिमरमन बर्लिनमधल्या भारतीय क्रांतिकारकांना मदत करणाऱ्यांतही होता, म्हणजे आपल्या पणजोबांच्या पिढीच्या दृष्टीने हॉल पलीकडच्या तीरावरचा. आणि रॉजर केसमेंटचं प्रकरण तर मला त्याला माफ करू देत नाही. केसमेंटने काँगो आणि पेरूमधल्या रबर मजुरांवरचे अत्याचार जगापुढे आणले, त्यासाठी १९११ मध्ये सर ही पदवी मिळवली. तोच आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी जर्मनीची शस्त्रं आणायला गेला आणि १९१६ च्या एप्रिलमध्ये पकडला गेला. देशद्रोहाची फाशी झाली. ती रद्द व्हावी म्हणून मोठमोठी माणसं अर्ज करू लागली, तेव्हा त्याच्या खाजगी रोजनिशीतली समलिंगी संबंधांची पानं हॉल आणि स्कॉटलंड यार्डचे बेझिल थॉमसन यांनी पत्रकारांत, मुत्सद्द्यांत फिरवली. सहानुभूती आटली. ३ ऑगस्टला फाशी दिली गेली. गुन्ह्याशी त्या पानांचा काही संबंध नव्हता. दुसऱ्याचं खाजगी लिखाण वाचायचा अधिकार ज्याच्या हाती आहे, तो ते कशासाठी वापरतो हा प्रश्न आज माझ्या धंद्यात रोज येतो, म्हणून हे प्रकरण मला जुनं वाटत नाही.

१९१९ च्या सुरुवातीला हॉल निवृत्त झाला. काही वर्षं हुजूर पक्षाचा खासदार होता, पक्षाचं संघटन सांभाळलं, त्यात फारसा चमकला नाही. १९३० च्या दशकात आत्मचरित्र लिहायला घेतलं, पण सरकारने हरकत घेतली आणि ते पुरं झालं नाही. दुसरं युद्ध आलं तेव्हा नव्या प्रमुखांना, गॉडफ्रे यांना, त्याने सल्ला दिला आणि स्वतः सत्तरीत होमगार्डमध्ये गेला. १९४३ च्या ऑक्टोबरात तो वारला. त्याची ती तार उलगडणारा, प्रकाशन व्यवसायातून आलेला नायजेल डी ग्रे तेव्हा ब्लेचली पार्कमध्ये पुन्हा जर्मनांचेच संदेश वाचत होता.