फळबागेसाठी घेतलेली जमीन

आजचे वाचन: यशया 55:8-9



ही वचनं आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे फॉरवर्ड केलेली आहेत. स्वतःचा प्लॅन फिसकटल्यावर मात्र ती गिळायला जड जातात. म्हणून आज पंडिता रमाबाईंबद्दल.

जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवलं, तेही त्या काळात! कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराणं सांगायचं. 1874 च्या सुमारास दुष्काळात अन्नावाचून आधी वडील गेले, मग थोड्याच दिवसांत आई. पुढे बहीणही. रमाबाई तेव्हा 16 वर्षांच्या होत्या. भावाबरोबर त्या पायी देशभर फिरल्या. 1878 मध्ये कलकत्त्यात विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. भाऊ गेला. 1880 मध्ये लग्न झालं, दोनच वर्षांत पतीही गेले. कडेवर छोटी मनोरमा.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीय शिक्षण शक्य नाही, हे तिथे स्पष्ट झालं. त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, कशासाठी? नात्यातल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होत होत्या, तो समारंभ बघायला. आपल्याला बंद झालेल्या दारातून दुसरीला आत जाताना पाहणं सोपं नसतं.

देवानेच त्यांचं ऐकणं कमी केलं, असं काहीजण बिनधास्त म्हणून टाकतात. मला ते पटत नाही. वचनात तसं गणित मांडलेलं नाही. घडलं ते एवढंच, की त्या अमेरिकेत राहिल्या, बालशिक्षण शिकल्या आणि इथल्या स्त्रियांच्या हालाखीवर पुस्तक लिहिलं. बॉस्टनच्या मंडळींनी दहा वर्षं मदत करण्याचं कबूल केलं. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं, पुढे ते पुण्याला हललं. 1893 मध्ये मुली ख्रिस्ताकडे वळतायत म्हणून गदारोळ झाला, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

आता जमिनीची गोष्ट. अमेरिकेची दहा वर्षं संपल्यावर पैसा कुठून येणार? रमाबाईंनी बॅकअप म्हणून केडगावला 100 एकर जमीन घेतली. (निडीच्या वाचकांसाठी: पुण्याहून दौंडला जाणाऱ्या लाईनवर.) फळझाडं लावायची आणि त्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा साधा हिशेब होता.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. स्वतः उपाशी राहिलेली बाई शांत कशी बसणार! त्या मध्य प्रांतात गेल्या आणि जवळपास 300 मुलींना घेऊन आल्या. त्यात पुण्यात प्लेग, शहरात एवढ्या मुली ठेवायला मनाई. राहिली फक्त केडगावची जमीन. तिथे तंबू, झोपड्या उभ्या राहिल्या आणि त्यातून मुक्ती मिशन झालं. 1900 च्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास जीव होते. फळांचा हिशेब बाजूलाच राहिला.

आपलं काम मनोरमा पुढे नेईल असं सगळ्यांनी धरलं होतं. 1921 मध्ये ती गेली, आईच्या आधी. याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि कोणी पटकन दिलं तर मी ऐकणार नाही.

रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवत होत्या, गावातल्या बाईला समजेल अशा. ते काम त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या प्रभूकडे गेल्या. 1924 मध्ये संपूर्ण बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. तो छापखाना तिथल्या मुली चालवायच्या.

उद्याचे वाचन: यशया 55:10-13