घरट्यापाशी थांबलेला अभ्यासक : सलीम अली यांच्या चरित्रातील एक अध्याय

सलीम मोइजुद्दीन अब्दुल अली (१८९६-१९८७) यांचे नाव भारतीय पक्षिशास्त्राशी इतके एकरूप झाले आहे, की त्यांच्या चरित्राचा विचार बहुधा त्यांच्या कीर्तीच्या शिखरावरून मागे वळून केला जातो. ग्रंथ, पुरस्कार, सर्वेक्षणे आणि अभयारण्ये यांच्या विस्तृत पटात १९३० सालच्या पावसाळ्यातील काही महिने सहज नजरेआड होतात. त्या महिन्यांत सलीम अलींना नोकरी नव्हती. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील, अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या खेड्यात ते पत्नीसह राहत होते आणि घराच्या परिसरात घरटी बांधणाऱ्या सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे निरीक्षण करीत होते. त्यांच्या शास्त्रीय जीवनाला निश्चित दिशा मिळाली ती या निरीक्षणातून. मराठीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या प्रसंगाला आणखी एक महत्त्व आहे. मराठी भाषेने या पक्ष्याला जे नाव दिले, त्या नावात एक गृहीत दडलेले आहे. आणि किहीमच्या निरीक्षणाने नेमके तेच गृहीत तपासले गेले.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. अगदी लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्यामुळे त्यांचा सांभाळ मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी केला. हे घर शिकारीची आवड असलेल्यांचे होते. मुलांच्या हाती छऱ्यांची बंदूक असणे आणि तिने चिमण्या टिपणे यात कोणालाही वावगे वाटत नसे. अशाच एका शिकारीत मिळालेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला आणि ती कोणत्या जातीची, असा प्रश्न मुलाला पडला. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी त्याला सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिलाच, शिवाय १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह त्याला दाखविला आणि पुस्तकेही वाचावयास दिली. ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नाव या घटनेवरूनच आलेले आहे.

या प्रसिद्ध प्रसंगापेक्षाही प्रस्तुत संदर्भात महत्त्वाची ठरते ती १९०६-०७ च्या सुमाराची एक नोंद. भोकातील घरट्यात चिमणी अंड्यांवर बसलेली असे आणि नर बाहेरच्या खिळ्यावर राखण करीत असे. बग्गीच्या आड दडून मुलाने तो नर टिपला. थोड्याच वेळात दुसरा नर त्याच खिळ्यावर येऊन बसला. त्यालाही टिपले, तर तिसरा आला. सात दिवसांत एकामागून एक आठ नर मारले गेले आणि प्रत्येक वेळी मादीला नवा जोडीदार मिळत गेला. मुलाने हे लिहून ठेवले ते शिकारीचा हिशेब म्हणून. पण त्यात पक्ष्यांच्या वर्तनाविषयीची मौलिक माहिती होती. रिकाम्या झालेल्या जागेसाठी इतर नर टपून असतात, हे त्यातून दिसते. दहा वर्षांच्या आसपासच्या मुलाच्या हातून घडलेल्या या कृतीत क्रौर्य आहे, हे नाकारता येत नाही. तथापि घरट्याजवळ थांबणे, तेच ठिकाण पुन्हापुन्हा पाहणे आणि दिवसांची गणती ठेवणे हे निरीक्षकाचे तिन्ही गुण त्या नोंदीत आहेत.

त्यानंतरच्या काळात या गुणांना स्थिर वाट मिळाली नाही. १९१४ साली सलीम अली ब्रह्मदेशातील तावॉय येथे कौटुंबिक व्यवसायात, वुल्फ्रामच्या खाणी आणि इमारती लाकूड यांच्या कामात, मदतीसाठी गेले. व्यवसायापेक्षा त्यांचे लक्ष तेथील जंगलातील पक्ष्यांकडे अधिक असे. १९१७ साली मुंबईस परतल्यावर त्यांनी व्यापारी शिक्षण घेतले आणि त्याच्या जोडीने सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये नव्याने उघडलेल्या निसर्गेतिहास विभागात त्यांना मार्गदर्शक व्याख्याता म्हणून जागा मिळाली. या सुमारास त्यांनी मोगल बादशहांच्या निसर्गप्रेमावर सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. जहांगीराने लैला आणि मजनू असे नामकरण केलेल्या सारसांच्या पाळीव जोडीचे मीलन, अंडी आणि उबवण यांचे तपशील टिपून ठेवले होते. घराच्या आवारातील पक्ष्याचे घरटे हाही नोंदीचा विषय होऊ शकतो, याचा एक देशी पूर्वाधार सलीम अलींना या परंपरेत मिळाला.

१९२८ साली अभ्यासरजा घेऊन ते बर्लिनला गेले. तेथील प्राणिसंग्रहालयात, म्हणजे विद्यापीठाच्या म्युझियममध्ये, एर्विन श्ट्रेझेमान यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काम केले. त्यावेळी भारतातील पक्षिशास्त्र प्रामुख्याने ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या छंदातून वाढलेले होते. कातडी जमविणे, अंडी गोळा करणे, जाती-उपजाती ठरविणे आणि त्यांची यादी करणे हा त्याचा मुख्य व्यवहार होता. श्ट्रेझेमान यांच्या सान्निध्यात सलीम अलींना निराळी दृष्टी लाभली. पक्ष्याची रचना आणि वर्गीकरण यांच्याबरोबर जिवंत पक्ष्याचे वर्तन, त्याचे विणीचे जीवन आणि परिसराशी असलेले नाते हे शास्त्राचे तितकेच महत्त्वाचे विषय ठरतात, ही ती दृष्टी होय. हेल्गोलँड बेटावरील पक्षिनिरीक्षण केंद्राचाही त्यांना परिचय झाला.

१९३० साली ते परतले तेव्हा पैशाअभावी म्युझियममधील त्यांची जागा रद्द झालेली होती. वय तेहतीस, प्रगत शिक्षण घेतलेले, परंतु विद्यापीठाची पदवी नाही आणि वेतनाची जागाही नाही, अशी ती अवस्था होती. मुंबईतील खर्च टाळण्यासाठी पतिपत्नी किहीमला राहावयास गेले. संस्थेबाहेर फेकल्या गेलेल्या संशोधकाची ही कोंडी होती. पण तिने त्यांना एक गोष्ट मुबलक दिली, ती म्हणजे वेळ. पाऊस सुरू झाला आणि घराजवळच सुगरण पक्ष्यांनी वसाहत मांडली.

सुगरण हा पक्षी महाराष्ट्राला अपरिचित नाही. पश्चिमेला किहीमच्या माडांपासून पूर्वेला गडचिरोली जिल्ह्यातील धानोऱ्याच्या धानाच्या बांध्यांपर्यंत, जेथे पाणी, गवत आणि लोंबती फांदी आहे तेथे, पावसाळ्यात त्याची झुलती घरटी दृष्टीस पडतात. घरट्याच्या आत चिखलाचे गोळे लावलेले असतात. त्यांत काजवे चिकटवून हा पक्षी घरात दिवा लावतो, अशी समजूत लोकमानसात रूढ आहे. काजवे लोककथेतले, चिखल मात्र खरा. विणीच्या हंगामाबाहेर नर आणि मादी दोघेही चिमणीसारखेच साधे दिसतात. हंगामात मात्र नराचा माथा झळझळीत पिवळा होतो. त्यामुळे फांदीला पहिला धागा कोण गुंडाळतो, हे पाहणाऱ्याला ओळखता येते. त्यासाठी थांबून पाहावे मात्र लागते.

ज्ञात समजुतींनुसार या वसाहतीत एक कोडे होते. पूर्ण घरट्यांच्या शेजारी अर्धवट सोडलेली पुष्कळ घरटी लोंबत असतात. आधीच्या निसर्गलेखकांनी त्यांचे स्पष्टीकरण दिले होते, की मादी अंडी उबवीत असता नराने विसावण्यासाठी ही बांधलेली असावीत. सलीम अलींनी घरट्यांचा क्रम दिवसागणिक पाहिला, तेव्हा वेगळेच चित्र समोर आले. विणकाम नराचे असते. भाताच्या किंवा गवताच्या पात्याला चोचीने चीर देऊन तो लांब धागा सोलतो, तो फांदीला गुंडाळून गाठी घालतो आणि एका घरट्यासाठी अशा शेकडो फेऱ्या करतो. घरटे शिरस्त्राणाच्या आकारापर्यंत आले, म्हणजे अंड्यांची जागा आणि प्रवेशाची बाजू वेगळी करणारी आडवी पट्टी तयार झाली, की काम थांबते. मग माद्यांचा थवा येतो. नर घरट्याला लटकून पंख फडफडवीत गातात. मादी आत शिरून पाहणी करते. तिने घरटे पसंत केले तर नर अंड्यांची खोली बंद करून खाली प्रवेशाची लांब नळी विणतो. तिने नाकारले तर ते घरटे बहुधा तसेच राहते. म्हणजे अर्धवट घरटी ही विसाव्याची स्थाने नसून नाकारलेल्या प्रयत्नांच्या खुणा होत्या.

यापुढील निष्कर्ष अधिक महत्त्वाचा होता. मादी अंड्यांवर बसली, की नर त्याच वसाहतीत दुसऱ्या घरट्याला आरंभ करतो आणि ते दुसऱ्या मादीपुढे मांडतो. अशा रीतीने एकाच हंगामात क्रमाक्रमाने अनेक माद्यांशी तो जोडी जमवितो. अंडी उबविणे आणि पिलांचा बहुतांश सांभाळ मादी एकटीच करते. ‘क्रमिक बहुपत्नीकत्व’ असे ज्याला म्हणता येईल, ती व्यवस्था या जातीत असल्याचे सलीम अलींनी दाखवून दिले आणि १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात सुगरणीच्या वीण-सवयींवरील लेख प्रसिद्ध केला. बालपणीच्या नोंदीत एका मादीला एकामागून एक जोडीदार मिळाले होते. येथे क्रम उलटला होता, आणि तो कळण्यासाठी एकाही नराचा बळी द्यावा लागला नाही. या फरकावरून सलीम अलींनी बंदूक टाकून दिली असा समज करून घेणे मात्र चुकीचे ठरेल. पुढील सर्वेक्षणांत नमुन्यांसाठी त्यांनी पक्षी मारले आणि वर्गीकरणासाठी ते आवश्यक असल्याची त्यांची भूमिका कायम राहिली. बदलले ते शास्त्राविषयीचे आकलन. मेलेला पक्षी त्याची जात सांगू शकतो. त्याचा संसार सांगू शकत नाही.

येथे मराठीतील नावाचा विचार प्राप्त होतो. ‘सुगरण’ हा शब्द ‘सुगृहिणी’पासून आलेला. घर नीट सांभाळणारी, हाताला चव असलेली स्त्री हा त्याचा मूळ आशय. पक्ष्याला हे नाव देताना भाषेने घरट्याचे कौशल्य आपोआप मादीकडे सोपविले. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांची ‘खोपा’ ही कविता याच जाणिवेतून उभी राहिली आहे. त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला आणि मराठी वाचकाच्या मनात हा पक्षी पिलांसाठी घर विणणारी आई म्हणून कायमचा स्थिर झाला. पक्षिशास्त्राच्या कसोटीवर हे चित्र पूर्णपणे उतरत नाही. परंतु तेवढ्यावरून कवितेला चूक ठरविणे हा उथळ निर्णय होईल. कवितेचा विषय मातेचे कष्ट हा आहे, आणि घरट्यातील पुढचे एकाकी कष्ट खरोखरच मादीचे असतात. शिवाय कोणते घरटे नांदते होणार याचा निवाडा तीच करते. विणणारे हात नराचे, पारख आणि संगोपन मादीचे, अशी ही विभागणी आहे. भाषेने तिच्यातील एक बाजू पाहिली आणि दुसरीही तिच्याच पदरात टाकली.

खंत वाटावी अशी गोष्ट निराळी आहे. मराठी मुलखातील एका खेड्यात १९३० साली मिळविलेले हे ज्ञान इंग्रजीत प्रसिद्ध झाले आणि दीर्घकाळ मराठी साहित्यव्यवहाराच्या बाहेरच राहिले. एकाच पक्ष्याविषयीच्या या दोन नोंदी, एक शास्त्राची आणि दुसरी शेतात राबणाऱ्या निरक्षर कवयित्रीची, परस्परांना न भेटता शेजारी शेजारी नांदल्या. पुढे मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांच्यासारख्या वनाधिकारी लेखकाने पूर्व विदर्भातील अरण्यानुभव मराठीत आणला, तेव्हा प्रत्यक्ष निरीक्षण आणि लोकपरंपरेतील शब्दधन यांची सांगड घालण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘घरट्यापलीकडे’ असे आहे.

किहीमनंतर सलीम अलींचे आयुष्य वेगाने विस्तारले. १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाचे पक्षिसर्वेक्षण झाले आणि त्यानंतर त्रावणकोर, कोचीन, भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर या संस्थानांची सर्वेक्षणे झाली. तेहमिना बेगम या मोहिमांत त्यांच्यासोबत असत. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचा मृत्यू झाला. किहीमच्या अनिश्चित दिवसांत ज्यांनी साथ दिली, त्या सहचारिणीचा हा वियोग सलीम अलींना फार जिव्हारी लागला. १९४१ साली ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ प्रसिद्ध झाले. १९४५ साली कच्छच्या रणात रोहित पक्ष्यांची प्रचंड वीण-वसाहत त्यांनी पाहिली. एस. डिलन रिप्ले यांच्या सहकार्याने भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरील दहा खंड १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाले. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण आणि १९८५ साली राज्यसभेचे नामनियुक्त सदस्यत्व त्यांना लाभले. या सर्व व्यापातही सुगरण सुटली नाही. व्ही. सी. आंबेडकर या विद्यार्थ्याकडून त्यांनी विणकर पक्ष्यांच्या विणीचा सविस्तर अभ्यास करवून घेतला आणि त्यांच्यासह १९५७ साली या विषयावर पुन्हा लिहिले. पहिल्या निरीक्षणाला सत्तावीस वर्षे लोटल्यानंतरही ते पुरे झाले असे त्यांना वाटत नव्हते.

१९८७ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या चरित्राचे मोठेपण सामान्यतः त्यांनी पादाक्रांत केलेल्या प्रदेशांवरून मोजले जाते. किहीमचा अध्याय त्याला एक पुरवणी जोडतो. हातात पद नसताना, घराबाहेरच्या झाडापलीकडे न जाता, सर्वांना ठाऊक असलेल्या पक्ष्याविषयी कोणालाच ठाऊक नसलेली गोष्ट त्यांना सापडली. नाव आधीपासूनच होते, घरटीही शतकानुशतके लोंबत होती. कमी होती ती दिवसागणिक केलेली नोंद. निसर्गाविषयीच्या मराठी लेखनाचा अभ्यास करताना शब्द कोठे पाहण्यातून आला आणि कोठे गृहीतातून आला, हा भेद करावयाचा झाल्यास सुगरणीचे हे उदाहरण आरंभबिंदू म्हणून घेता येईल.