फ्लॉरेन्सचा घुमट बांधणारे फिलिप्पो ब्रुनेलेस्की



इटली देशातील फ्लॉरेन्स शहर पाहायला दरवर्षी जगभरातून लाखो लोक जातात. कोणी तेथील चित्रे-शिल्पे पाहायला जातात, तर कोणी तेथील सणांसाठी. ईस्टरच्या रविवारी पांढरे बैल एक उंच, रंगीत गाडा ओढत मुख्य चर्चसमोर आणतात. चर्चच्या वेदीपासून त्या गाड्यापर्यंत तार बांधलेली असते. तारेवरून कबुतराच्या आकाराचा अग्निबाण सुटतो आणि गाड्यावरचे फटाके पेटवतो. २४ जूनला शहराचे रक्षक संत जॉन यांचा उत्सव असतो. त्या दिवशी जुन्या पद्धतीच्या फुटबॉलचा अंतिम सामना होतो आणि रात्री आर्नो नदीकाठी आतषबाजी होते.

या उत्सवांच्या छायाचित्रांत मागे बहुधा एक प्रचंड लाल घुमट दिसतो. तो उभारणाऱ्या फिलिप्पो ब्रुनेलेस्की यांचा परिचय आम्ही या अंकात करून देत आहोत. घुमट मोठा आहेच, पण तो बांधणारा माणूस त्याआधी साऱ्या शहरासमोर एक मोठी स्पर्धा हरला होता. विद्यार्थ्यांनी हे मुद्दाम जाणून घ्यावे असे आम्हाला वाटते.

फिलिप्पोचा जन्म १३७७ मध्ये फ्लॉरेन्समध्येच झाला. वडील कायदेशीर दस्तऐवज करणारे नोटरी होते आणि मुलानेही तेच काम करावे अशी त्यांची इच्छा होती. मुलाचा ओढा मात्र हातकामाकडे. शेवटी वडिलांनी त्याला सोनारकाम शिकू दिले. धातू ओतणे, कोरणे, घड्याळाची चाके जुळवणे यात तो लवकरच तरबेज झाला.

१४०१ मध्ये शहरातील कापड व्यापाऱ्यांच्या संघाने एक स्पर्धा जाहीर केली. मुख्य चर्चसमोर संत जॉन यांच्या नावाचे बाप्तिस्मागृह आहे. त्याच्यासाठी कांस्याचे नवे दरवाजे करायचे होते. अंतिम निवडीसाठी सात शिल्पकार होते. प्रत्येकाने बायबलमधील एकाच प्रसंगाचा नमुना करून द्यायचा होता. शेवटी नावे उरली दोन, लोरेंझो गिबर्ती आणि ब्रुनेलेस्की. दोघेही पंचविशीच्या आतले. गिबर्तींचा नमुना कमी धातूत, जवळजवळ एकसंध ओतलेला होता. काम त्यांना मिळाले. दोघांनी मिळून करावे असे पंचांनी सुचवले होते आणि ब्रुनेलेस्कींनी नकार दिला, असे त्यांच्या चरित्रकाराने लिहिले आहे. गिबर्ती मात्र आपण एकमताने जिंकलो असे लिहून गेले.

वार्षिक निकालानंतर आमच्याकडे येणाऱ्या पालकांत थोड्या गुणांनी क्रमांक हुकलेल्या मुलांचे पालक जास्त असतात. मूल जेवत नाही, बोलत नाही, ही त्यांची तक्रार असते. चोवीस वर्षांच्या ब्रुनेलेस्कींच्या घरीही त्या दिवसांत असेच वातावरण असले तर नवल नाही.

यानंतर ते रोमला गेले. सोबत त्यांचा तरुण मित्र, पुढे थोर शिल्पकार झालेला दोनातेल्लो होता. दोघे पडक्या इमारतींची मापे घेत, पाया उकरून पाहत. लोकांना वाटे, हे पुरलेले धन शोधत आहेत! प्राचीन रोमन लोकांनी एवढी मोठी छते कशी पेलली, हे ब्रुनेलेस्कींना समजून घ्यायचे होते. दूरच्या वस्तू चित्रात किती लहान दाखवाव्यात याचा गणिती नियमही त्यांनी प्रयोगाने दाखवून दिला. त्यासाठी त्यांनी चित्र काढले ते त्याच बाप्तिस्मागृहाचे, जिथे त्यांची हार झाली होती.

इकडे मुख्य चर्चचे काम १२९६ पासून चालू होते. भिंती उभ्या राहिल्या, पण मध्यभागी सुमारे ४५ मीटर रुंदीचा अष्टकोनी भाग उघडाच राहिला. विजापूरचा गोल घुमट ज्यांनी पाहिला आहे त्यांना या रुंदीची कल्पना येईल. त्या काळी कमान बांधताना आधी खाली लाकडी साचा उभारत. इथे घुमटाची सुरुवातच जमिनीपासून ५० मीटरहून अधिक उंचीवर होणार होती. तेवढा साचा उभारायला लाकूड आणायचे कोठून? १४१८ मध्ये उपाय सुचवण्यासाठी स्पर्धा जाहीर झाली. साच्याशिवाय घुमट बांधता येईल असे ब्रुनेलेस्कींनी सांगितले, तेव्हा त्यांना वेड्यात काढण्यात आले. अखेर १४२० मध्ये काम सुरू झाले, पण देखरेखीसाठी सोबत नेमले गेले गिबर्तीच!

त्यांची युक्ती अशी होती. घुमट एक नाही, दोन. आतला जाड, बाहेरचा पातळ, आणि मधल्या पोकळीत जिना. विटा आडव्या रचताना मधून मधून उभ्या विटा बसवल्या. त्यामुळे प्रत्येक थर आधीच्या थरात अडकून राहिला, चुना ओला असतानाही घसरला नाही. बैलगाडीच्या चाकाला जशी लोखंडी धाव बसवतात तसे दगडाचे आणि लाकडाचे पट्टे घुमटाभोवती आतून बसवले, म्हणजे भार बाहेर फाकणार नाही. माल चढवण्यासाठी त्यांनी बैलांनी चालणारे यंत्र केले. बैल एकाच दिशेने फिरत आणि दाते बदलून ओझे वर किंवा खाली नेता येई. अशी यंत्रे पुढे लिओनार्दो दा विंचीनेही आपल्या वहीत चितारून ठेवली.

काम ऐन भरात असताना ब्रुनेलेस्की आजाराचे निमित्त करून घरी राहिले, गिबर्तींना पुढचे काही सांगता येईना आणि काम थांबले, अशी गोष्ट चरित्रकार सांगतात. स्वभाव तापट आणि संशयी होता. मजुरांनी संप केला तेव्हा त्यांना काढून टाकून पुन्हा कमी मजुरीवर घेतले, असेही लिहिलेले आहे. हे अनुकरणीय नाही. त्यांचे सगळेच बेत यशस्वी झाले असेही नाही. संगमरवर आणण्यासाठी त्यांनी मोठी नाव बांधली, १४२१ मध्ये तिचा एकाधिकार मिळवला. ती नाव आर्नो नदीत मालासकट बुडाली आणि मोठे नुकसान झाले. घुमट मात्र दर वर्षी थोडा थोडा वर चढत राहिला. २५ मार्च १४३६ रोजी पोपच्या हस्ते चर्चचा समर्पण सोहळा झाला. हा फ्लॉरेन्सच्या जुन्या पंचांगातला वर्षाचा पहिला दिवस. त्याच वर्षी घुमट वरच्या कड्यापर्यंत पूर्ण झाला.

याच सणासाठी एका चर्चमध्ये होणाऱ्या नाट्यप्रसंगात देवदूत आकाशातून खाली उतरताना दिसत. त्याची यंत्रेही ब्रुनेलेस्कींनी केली, असे जुने लेखक सांगतात. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या गिरण्यांच्या हलत्या झांक्या पाहिलेल्यांना यातले कौशल्य समजेल. पाहणाऱ्याला देखावा दिसतो, चाके आणि दोऱ्या जुळवणारा कारागीर दिसत नाही.

त्यांचे आणखी एक काम आम्हाला शिक्षक म्हणून विशेष जवळचे वाटते. १४१९ पासून रेशीम व्यापाऱ्यांच्या संघासाठी त्यांनी टाकून दिलेल्या बालकांच्या आश्रमाची इमारत आखली. बारीक खांब, समान कमानी आणि पुढे मोकळा ओटा. १४४५ मध्ये तिथे बालके येऊ लागली आणि शेकडो वर्षे येत राहिली. दर ७ सप्टेंबरला शहरातील मुले कागदी कंदील काठीला लावून मिरवणुकीने निघतात, ती याच इमारतीसमोरच्या चौकात पोहोचतात.

१५ एप्रिल १४४६ रोजी ब्रुनेलेस्कींचे निधन झाले. घुमटावरच्या संगमरवरी कळसाचे काम तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. ते इतरांनी पूर्ण केले. त्यांना चर्चमध्येच पुरण्यात आले, पण काळाच्या ओघात कबर विस्मरणात गेली. १९७२ मध्ये ती चर्चच्या तळघरात सापडली.

आज ४६३ पायऱ्या चढून, दोन घुमटांच्या मधून, वरपर्यंत जाता येते. आपल्यापैकी कोणाला पुढे फ्लॉरेन्सला जाण्याचा योग आला तर घुमट चढण्याआधी बार्जेल्लो संग्रहालयात जरूर जावे. १४०१ च्या स्पर्धेतले दोन्ही नमुने तेथे जपून ठेवले आहेत, जिंकलेला आणि हरलेला. कोणता चांगला यावर पाहणाऱ्यांचे अजूनही एकमत होत नाही. दोन्ही नीट पाहावे आणि मग बाहेर येऊन घुमटाकडे मान वर करावी.