थकलेल्या यंत्राची नाडी

काही तक्रारींचा छडा लावणे फार अवघड असते. छातीत धडधडते म्हणून रुग्ण दवाखान्यात येतो, ईसीजी काढावा तर तो अगदी स्वच्छ. घरी पोहोचेपर्यंत धडधड पुन्हा सुरू. सतत असणारा बिघाड कधी ना कधी हाती लागतो. अधूनमधून डोके वर काढणारा बिघाड मात्र डॉक्टर आणि तंत्रज्ञ दोघांनाही सारखाच छळतो. बिनतारी संदेशाच्या यंत्रांना हे दुखणे जन्मापासूनचे. काल मिळालेला संदेश आज मिळत नाही, आणि का मिळत नाही ते कळत नाही. या दुखण्याचा पिच्छा ज्यांनी अगदी सुरुवातीच्या काळात पुरवला, त्यांत जगदीशचंद्र बोस यांचे नाव वर आहे. लाजाळूच्या झाडावर प्रयोग करणारे शास्त्रज्ञ म्हणून आपण त्यांना शाळेपासून ओळखतो. पण ते वनस्पतींकडे वळले ते एका थकणाऱ्या बिनतारी यंत्रामुळे, हे फारसे सांगितले जात नाही.

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, आज बांगलादेशात असलेल्या पूर्व बंगालमधला. वडील भगवानचंद्र सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यावर होते. अशा घरातली मुले तेव्हा इंग्रजी शाळेत जात. भगवानचंद्रांनी मुलाला आधी बंगाली शाळेत घातले. तिथे कोळ्यांची आणि शेतकऱ्यांची मुले शेजारी बसत. मासे, पाखरे, झाडे यांच्या गोष्टी त्यांच्याकडून ऐकायला मिळत. पुढे कोलकात्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफों यांनी पदार्थविज्ञानाची गोडी लावली.

१८८० मध्ये बोस डॉक्टर होण्यासाठी लंडनला गेले. पण आसामात जडलेला ताप त्यांच्याबरोबर बोटीवर चढला होता. तो काळा आजार असावा, असे त्यांचे चरित्रकार मानतात. त्या काळी या आजारावर औषध नव्हते. ताप उलटून उलटून येई आणि शवविच्छेदनाच्या खोलीतल्या वासाने प्रकृती आणखी बिघडे. अखेर त्यांना वैद्यकीय शिक्षण सोडावे लागले. ते केंब्रिजला गेले, तिथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे शिक्षक मिळाले आणि १८८४ मध्ये ते विज्ञानाचे पदवीधर झाले. पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या अबला यांनीही मद्रासला वैद्यकाचे शिक्षण घेतले होते आणि त्यांनाही ते प्रकृतीमुळे अर्धवट सोडावे लागले होते. वैद्यकाने दोघांनाही परत पाठवले, पण सजीवांविषयीचे कुतूहल बोस यांच्या मनातून गेले नाही.

१८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. भारतीय प्राध्यापकाला युरोपीय सहकाऱ्याच्या दोन तृतीयांश पगार, आणि नेमणूक हंगामी असल्याने त्यातही कपात, असा तेव्हाचा नियम होता. बोस यांनी भांडण केले नाही. ते रोज वर्गावर जात राहिले, पण पगाराला हात लावला नाही. घरी वडिलांच्या कर्जाचा डोंगर असताना हे तीन वर्षे चालले. शेवटी कॉलेजने पूर्ण पगार मागील थकबाकीसह दिला.

संशोधनाला त्यांनी १८९४ च्या सुमारास हात घातला. तेव्हा ते पस्तिशी ओलांडलेले होते. कॉलेजात प्रयोगशाळा अशी नव्हतीच. एक लहानशी खोली, स्वतःच्या खिशातले पैसे आणि हाताशी धरून शिकवलेला एक पत्र्याचे काम करणारा कारागीर, एवढ्यावर काम सुरू झाले. विद्युतचुंबकीय लहरी प्रत्यक्षात असतात हे हर्ट्झ यांनी १८८८ मध्ये जर्मनीत दाखवले होते. ठिणगी पाडली की लहरी निघत. त्या पकडायच्या कशा, हा खरा प्रश्न होता. फ्रान्समध्ये ब्रानली यांनी १८९० मध्ये एक युक्ती दाखवली. काचेच्या नळीत लोखंडाचा कीस भरायचा. एरवी त्यातून वीज जवळजवळ जात नाही. लहर येऊन आदळली की कण एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि वीज वाहू लागते. इंग्लंडमध्ये लॉज यांनी याला ‘कोहिरर’ म्हटले.

युक्ती नामी होती, पण यंत्र भरवशाचे नव्हते. एकदा कण चिकटले की नळीला टिचकी मारून सैल करावे लागत. टिचकी कमी पडली तर यंत्र पुढच्या लहरीला आंधळे; जास्त पडली तर कणांची मांडणीच बदलून जाई. त्यात बंगालची दमट हवा. उघड्या लोखंडाला तिथे गंज चढायला वेळ लागत नाही, आणि गंजलेला कण आज एक वागतो, उद्या दुसरे.

बोस यांनी या लहरी यंत्राला दोष देऊन ते बाजूला ठेवले नाही. चांगला डॉक्टर एकेक शक्यता वेगळी करत जातो, तसे ते गेले. पहिली शंका पाठवणाऱ्या यंत्रावर. ठिणगीने धातूचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि प्रत्येक ठिणगी वेगळी पडते. म्हणून ठिणगीच्या जागी त्यांनी प्लॅटिनमचा गोळा बसवला आणि ठिणग्यांची सरबत्ती थांबवून एका वेळी एकच झोत सोडला. दुसरी शंका इकडेतिकडे सांडणाऱ्या लहरींवर. संदेश नेमक्या वाटेने न जाता भलत्याच वाटेने पोहोचला, तर प्रयोगाला अर्थ राहत नाही. म्हणून ठिणगीचे सारे सामान धातूच्या पेटीत बंद केले आणि लहरींना बाहेर पडायला एकच नळी ठेवली. तिसरी शंका पकडणाऱ्या यंत्रावर. किसाऐवजी त्यांनी पोलादाच्या बारीक स्प्रिंगा एका ओळीत बसवल्या. त्यांच्यावरचा दाब स्क्रूने कमीजास्त करता येई, बॅटरीचा दाबही हळूहळू बदलता येई. आता कणांचा स्पर्श किती घट्ट हे नशिबावर नव्हते, बोटांच्या हातात होते.

आज घरच्या घरी बिनतारी सेन्सर बनवणाऱ्या हौशी मंडळींना ही यादी ओळखीची वाटेल. कुंडीतल्या मातीचा ओलावा किंवा गच्चीवरच्या टाकीची पातळी मोबाइलवर दाखवणारी खेळणी आता शाळकरी मुलेही जोडतात. दोन दिवस सगळे नीट चालते, तिसऱ्या दिवशी आकडे यायचे थांबतात. बहुतेकांचा हात आधी प्रोग्रॅमकडे जातो. दोष मात्र पुष्कळदा साधा असतो. संदेश पाठवताना रेडिओ क्षणभर जास्त वीज ओढतो आणि तेवढ्यापुरता विजेचा दाब खाली येतो; अशा वेळी रेडिओजवळ एक कपॅसिटर लावला की काम भागते. कधी जोडणीची वायर सैल असते, कधी अँटेना धातूच्या डब्यात कोंडलेली असते, तर कधी शेजारच्या वायफायचा गोंगाट असतो. ओली पाने आणि माणसाचे शरीरही या लहरी शोषून घेतात, कारण दोन्हींत पाणी भरपूर. वीज, जोडणी, वाट, गोंगाट या क्रमाने एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, हाच यावरचा उपाय. एकदम चार गोष्टी बदलल्या, तर यंत्र सुरू होते, पण कशाने ते कळत नाही. एकाच वेळी चार औषधे देऊन रुग्ण बरा झाला तरी डॉक्टरच्या ज्ञानात भर पडत नाही, तसेच हे.

बोस यांच्या या चिकाटीला फळ आले. १८९५ मध्ये कोलकात्यात जाहीर प्रयोग झाला. भिंतींपलीकडून आलेल्या अदृश्य लहरींनी घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूचा बार उडाला. त्यांच्या लहरींची लांबी अवघी पाच मिलिमीटरपर्यंत खाली आली होती. आजच्या भाषेत साठ गिगाहर्ट्झ. इतक्या लहान लहरी प्रकाशासारख्या वळतात, परावर्तित होतात, हे त्यांनी दाखवले. त्यासाठीचे साहित्यही गमतीचे होते. पिळलेला ताग घेतला, तर कधी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या जाड पुस्तकात पानापानांमध्ये कथलाचा पातळ पत्रा घातला. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हे प्रयोग करून दाखवले.

१८९९ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीसमोर टिचकीची गरज नसलेला, आपोआप पूर्वपदावर येणारा ग्राहक मांडला. त्यात लोखंडाबरोबर पारा होता. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिकपलीकडून संदेश पकडला, तेव्हा वापरलेला ग्राहकही पाऱ्याचाच होता. तो मार्कोनींकडे इटलीच्या नौदलातून आला होता. त्याचे मूळ बोस यांच्या कामात आहे, असे काही इतिहासकार मानतात. बोस यांना मात्र या शोधांचा बाजार नको होता. तारयंत्राच्या धंद्यातल्या माणसाने देऊ केलेली भागीदारी त्यांनी नाकारली. भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांच्या आग्रहाखातर गॅलिना खनिजाच्या ग्राहकासाठी अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला गेला. ते १९०४ मध्ये मिळाले, पण बोस यांनी त्यातून पैसा केला नाही.

याच काळात त्यांच्या आयुष्याला वळण देणारी गोष्ट घडली. ग्राहक सतत वापरत राहिले की त्याची संवेदनक्षमता उतरते, हे त्यांना दिसत होते. त्याला विसावा दिला की ती परत येई. दुसरा कोणी वैतागला असता. बोस यांनी आलेख काढले. धातूचा आलेख आणि पुन्हा पुन्हा डिवचलेल्या स्नायूचा आलेख शेजारी ठेवले, तर दोन्ही विलक्षण सारखे दिसत. मग त्यांनी धातूच्या तारेला उत्तेजके दिली, विषारी रसायने लावली. प्रतिसाद वाढे, मंदावे, बंद पडे. निर्जीव आणि सजीव यांच्यामधली भिंत आपण समजतो तितकी पक्की नाही, हा विचार त्यांनी १९०० मध्ये पॅरिसच्या परिषदेत मांडला.

१९०१ च्या जूनमध्ये रॉयल सोसायटीत त्याला कडाडून विरोध झाला. शरीरक्रियाशास्त्राचे ज्येष्ठ अभ्यासक बर्डन-सँडरसन यांना पदार्थविज्ञानाच्या माणसाने आपल्या अंगणात पाऊल टाकलेले आवडले नाही. याच सँडरसन यांनी १८७३ मध्ये किडे पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅप या वनस्पतीत विजेचे संकेत नोंदवले होते. पण साध्यासुध्या वनस्पतीही असा प्रतिसाद देतात, हे त्यांना मान्य नव्हते. शोधनिबंध छापला गेला नाही. बोस परत फिरले नाहीत. पुढच्याच वर्षी लिनियन सोसायटीने वनस्पतींवरचे त्यांचे काम छापले आणि सजीव-निर्जीवांच्या प्रतिसादावरचे पुस्तकही निघाले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दोन आलेख सारखे दिसले म्हणून त्यांच्यामागची कारणे सारखी ठरत नाहीत. कोहिररचे वागणे धातूच्या स्पर्शबिंदूंवरील ऑक्साइडच्या अतिपातळ थराशी निगडित आहे. स्नायूचा थकवा पेशींतल्या रासायनिक घडामोडींतून येतो. धातू थकतो तो आपल्यासारखा नव्हे. बोस यांचे काही निष्कर्ष काळाच्या कसोटीवर उतरले नाहीत. पण साध्या वनस्पतींतही विजेचे संकेत धावतात, हे त्यांचे निरीक्षण आज विज्ञानाने स्वीकारले आहे. साम्य त्यांना सापडले नसते, तर ते झाडांपर्यंत पोहोचलेच नसते.

पुढची वर्षे झाडांची. वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ त्यांनी घडवला. १९१७ मध्ये, आपल्या ५९ व्या वाढदिवशी, त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूटची स्थापना केली. १९२० मध्ये, ज्या रॉयल सोसायटीने त्यांचा निबंध बाजूला ठेवला होता, तिनेच त्यांना सदस्य करून घेतले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. ७९ वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा आठवडाच उरला होता.

डॉक्टर होण्याचे त्यांचे राहून गेले. तरी रोग्याची तक्रार खोटी न मानता तिचा माग काढायचा, ही वैद्यकातली पहिली शिस्त त्यांनी एका यंत्राच्या बाबतीत आयुष्यभर पाळली. यंत्र मध्येच गप्प होते, तेव्हा ते टेबलावर आपटण्याआधी त्याची नाडी पाहावी. आणि नाडी सापडल्यावरही घाईने निदान करू नये.