खनिज सापडते, संपत्ती घडवावी लागते

टंगस्टन हा धातू अलीकडे पुन्हा चर्चेत आला आहे. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ३० अत्यावश्यक खनिजांची यादी जाहीर केली, तीत त्याला स्थान मिळाले; जानेवारी २०२५ मध्ये अशा खनिजांसाठी राष्ट्रीय अभियानही मंजूर झाले. नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबना-आगरगाव पट्ट्यात टंगस्टनची खनिजे आहेत, हे भूवैज्ञानिकांना कित्येक दशके ठाऊक आहे. तरीही देशाची गरज मुख्यतः आयातीवरच भागत आली. खडकात धातू असणे आणि समाजाच्या पदरी संपत्ती पडणे यांत केवढे अंतर असते, हे समजून घ्यायचे असेल तर लोखंडाच्या शोधात डोंगर पालथे घालणाऱ्या प्रमथनाथ बोस यांच्या चरित्राकडे वळावे लागते.

बोस यांचा जन्म १२ मे १८५५ रोजी बंगालमधील गोबरडांग्याजवळच्या गैपूर या खेड्यात झाला. गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते १८७४ साली लंडनला गेले, तेथील विद्यापीठाचे विज्ञानाचे पदवीधर झाले आणि रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये भूशास्त्र शिकले. १८८० साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात त्यांची नेमणूक झाली. वरिष्ठ जागा युरोपीयांसाठीच असतात अशी समजूत असलेल्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. पुढे 'ड्रेन' म्हणजे संपत्तीच्या निःसारणाचा हिशेब मांडणाऱ्या रमेशचंद्र दत्त यांचे ते जामात झाले. देशाची लूट आकड्यांनी दाखविणारा सासरा आणि देशाचे धन खडकांत शोधणारा जावई, असा हा दुर्मिळ योग होता.

त्यांचे आरंभीचे महत्त्वाचे काम नर्मदेच्या खोऱ्यात झाले. नेमावर ते कवांट या टापूचे त्यांचे भूवर्णन १८८४ साली प्रसिद्ध झाले. परभणीच्या काळ्या मातीखाली पसरलेला लाव्ह्याचा कातळ त्या खोऱ्यातही आहे. त्यानंतर मध्यप्रांतातील रानावनांतून हिंडताना त्यांनी दल्ली-राजहरा येथील लोहखनिजाची नोंद १८८७ साली केली. ती छापली गेली आणि दप्तरात पडून राहिली.

त्याच सुमारास जमशेटजी टाटा लोखंडाच्या कारखान्याचे स्वप्न पाहत होते. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील खनिजाविषयी जर्मन तज्ज्ञ फॉन श्वार्ट्झ यांचा १८८२ सालचा अहवाल त्यांच्या वाचनात आला होता. परंतु वरोड्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा निघाला नाही, शिवाय खाणींचे नियमही जाचक होते. वीस वर्षांनी पुत्र दोराबजी आणि अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड यांनी चांद्याची रानेही तुडविली, पण पुरेसा साठा आढळला नाही. निराश होऊन ते प्रयत्न सोडण्याच्या बेतात असताना नागपूरच्या संग्रहालयात दोराबजींची नजर मध्यप्रांताच्या भूनकाशावर पडली, असे सांगितले जाते. त्या नकाशाच्या मागे बोसांचीच १८८७ सालची नोंद होती. दल्ली-राजहराचे लोखंड उत्तम ठरले. योग्य कोळसा मात्र जवळपास नव्हता.

इकडे १९०३ साली सेवेत दहा वर्षे कनिष्ठ असलेल्या टॉमस हॉलंड यांना खात्याचे संचालक करण्यात आले. बोसांनी नोकरी सोडली आणि मयूरभंज संस्थानचे भूवैज्ञानिक म्हणून काम पत्करले. तेथील दुर्गम गोरुमहिसानी डोंगरात त्यांना लोहखनिजाचा विपुल साठा आढळला. झरियाचा कोळसा तेथून फार दूर नव्हता. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जमशेटजींना पत्र लिहून ही गोष्ट कळविली. जमशेटजी त्याच वर्षी मे महिन्यात निवर्तले. पण त्या पत्राने कारखान्याची जागा ठरली. १९०७ साली कंपनी स्थापन झाली. भांडवलासाठी सुमारे आठ हजार भारतीयांनी अवघ्या तीन आठवड्यांत पैसा उभा केला आणि १९१२ साली साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, पोलाद तयार होऊ लागले. दल्ली-राजहराला मात्र भिलाईची भट्टी पेटेपर्यंत, म्हणजे १९५९ सालापर्यंत, थांबावे लागले. नोंद आणि भट्टी यांत ७२ वर्षांचे अंतर पडले!

खनिजाला कोळसा, रेल्वे, पाणी, भांडवल आणि शिकलेले हात यांची जोड मिळाली नाही तर ते निव्वळ दगड होय, हे बोसांना पुरते उमगले होते. म्हणूनच त्यांनी तंत्रशिक्षणाचा सतत आग्रह धरला. १९०६ साली स्थापन झालेल्या बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूटचे ते पहिले प्राचार्य होते. उत्तरायुष्यात रांचीला राहून त्यांनी पाश्चात्त्य यंत्रसंस्कृतीची कठोर चिकित्सा केली. १९३४ साली ते वारले. पोलादाचा मार्ग दाखविणाऱ्यानेच त्या मार्गाविषयी शंका घ्याव्यात यात विसंगती दिसेल. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो.

ती शंका निराधार नव्हती. मागास प्रदेश अनुदान निधीसाठी २००६-०७ साली केंद्राने २५० जिल्हे निवडले. त्या यादीत लोहखनिजाने भरलेला मयूरभंज होता, लोहाऱ्याचा चंद्रपूर होता आणि १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला, असे कोणतेही धातूचे धन नसलेला हिंगोलीही होता. ज्यांच्या पायाखाली लोखंड होते ते आणि ज्यांच्या पायाखाली नुसता कातळ होता ते, दोघेही एकाच पंक्तीला बसले. तेव्हा निसर्गाने आपल्याला खनिज दिले नाही, म्हणून मराठवाडा मागे राहिला, ही तक्रार फारशी टिकत नाही. डोंगरातून धन बाहेर जाते, डोंगरावरच्या माणसाच्या वाट्याला काय येते हा प्रश्न शिल्लक राहतो. नव्या खनिज अभियानाची कसोटीही याच प्रश्नावर लागेल.

आपली खाण म्हणजे आपली माती आणि पूर्णा-गोदावरीचे पाणी. तिचा अभ्यास झालेला नाही असे नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून उभे आहे. प्रादेशिक असमतोलाची मोजदाद करणारा दांडेकर समितीचा अहवाल १९८४ सालचा आहे. उणीव आहे ती केलेल्या नोंदी वाचण्याची आणि त्यांना भांडवलाची व शिक्षणाची जोड देण्याची. बोसांची नोंद दप्तरात पंधरा-सोळा वर्षे पडून होती, पण अखेरीस ती शोधणारा कोणीतरी नागपुरात नकाशासमोर उभा राहिला. आपल्या अहवालांना तसा वाचक अजून मिळावयाचा आहे.