गाद्या वाहणारा प्रोफेसर

आपल्याला बिल्डिंग म्हटलं की बीम, कॉलम आणि स्लॅब आठवतात. लोड बसला, डिफ्लेक्शन लिमिटमध्ये आलं, की डिझाइन ओके. पण नाटकाचा किंवा गाण्याचा हॉल भक्कम उभा आहे आणि आत बसलेल्या माणसाला एक वाक्य धड कळत नाही, तर त्याला डिझाइन म्हणायचं का? हा प्रश्न नशिबावर न सोडता गणिताने सोडवता येतो हे ज्याने पहिल्यांदा दाखवलं, तो सिव्हिलचाही नव्हता आणि आर्किटेक्टही नव्हता. तो फिजिक्स शिकवायचा. त्याचं नाव वॉलेस क्लेमेंट सॅबिन.

सॅबिनचा जन्म १८६८ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. अठराव्या वर्षी ग्रॅज्युएट होऊन तो हार्वर्डला आला, मास्टर्स केलं आणि तिथेच शिकवायला लागला. पीएचडी त्याने कधीच केली नाही. (हे वाचून मला फार बरं वाटलं.)

१८९५ मध्ये हार्वर्डमध्ये फॉग आर्ट म्युझियमची नवी इमारत झाली. दिसायला सुंदर, पण तिच्यातल्या लेक्चर हॉलमध्ये लेक्चर देणंच अशक्य! साध्या आवाजात उच्चारलेला एक शब्द साडेपाच सेकंद हवेत राहायचा. तेवढ्यात पुढचे दहा-पंधरा शब्द येऊन त्यावर आदळायचे आणि सगळ्याची खिचडी व्हायची. ह्याला शुद्ध मराठीत अनुरणन म्हणतात हे माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्याला डिक्शनरीत बघावं लागलं. आपण सरळ घुमणं म्हणू. प्रतिध्वनी वेगळा. तो थांबून एकदा परत येतो. घुमणाऱ्या आवाजाला अशी फटच नसते.

हार्वर्डचे प्रेसिडेंट एलियट यांनी हे काम सत्तावीस वर्षांच्या सॅबिनवर सोपवलं. त्या काळी उपाय म्हणजे हॉलभर तारा ताणायच्या, नाहीतर गाजलेल्या एखाद्या हॉलची मापं उचलायची. तारांचा उपयोग शून्य होता, पण लोक ताणत होते.

सॅबिनने शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या. ऑर्गनची एक नळी वाजवायची, हवा बंद करायची आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत किती सेकंद जातात ते मोजायचं. मग थोड्या गाद्या ठेवायच्या, परत मोजायचं. आणखी गाद्या, परत मोजायचं. माइक नाही, मीटर नाही, आवाज संपला हे ठरवायला फक्त स्वतःचा कान. दिवसा रस्त्यावर ट्रामचा गोंगाट, म्हणून काम मध्यरात्रीनंतर. पहाटेपर्यंत रीडिंग घ्यायची आणि सकाळच्या आत सगळ्या गाद्या परत नेऊन टाकायच्या. थिएटरमधल्या सगळ्या गाद्या आल्यावर साडेपाच सेकंदांचे एक सेकंद आणि थोडं वर एवढेच उरले.

एका टप्प्यावर त्याच्या लक्षात आलं की रीडिंग घेणाऱ्याच्या अंगावरचे कपडेसुद्धा आवाज पितात आणि त्यामुळे आकडे बदलतात. दोन महिन्यांची तीन हजारांवर रीडिंग त्याने फेकून दिली आणि पुढे कायम तेच ठरावीक कपडे घालून प्रयोग केले. आपण जर्नलमध्ये रीडिंग कशी 'बसवतो' हे मी इथे लिहीत नाही, सबमिशन जवळ आलंय.

तीन वर्षं गेली आणि एलियट यांचा धीर संपत आला. तेवढ्यात बोस्टनच्या सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी नवा हॉल बांधायचं ठरलं आणि सल्लागार म्हणून सॅबिनचं नाव पुढे आलं. तो कचरला. हातात आकड्यांचे ढीग होते, नियम नव्हता. तो घरी बसून वह्या पुन्हा चाळत राहिला. २९ ऑक्टोबर १८९८ च्या रात्री त्याला दिसलं की तो कर्व्ह हायपरबोला आहे. म्हणजे एकूण शोषण आणि घुमण्याचा वेळ यांचा गुणाकार कॉन्स्टंट. शोषण दुप्पट तर वेळ निम्मा. आणि तो कॉन्स्टंट खोलीच्या घनफळाच्या प्रमाणात. आज आपण मीटरमध्ये लिहितो: घनफळाला एकूण शोषणाने भागा, ०.१६ ने गुणा, सेकंद मिळतात. शोषण मोजायला त्याने माप घेतलं उघड्या खिडकीचं, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे एक 'सॅबिन', हे एकक पुढे त्याच्याच नावाने रूढ झालं.

मग त्याने हो म्हटलं. लाइपझिगचा गेवांडहाउस हॉल तेव्हा उत्तम मानला जायचा. पण तिथे दीड हजार माणसं, इथे अडीच हजारांवर बसवायची. सगळी मापं सारख्या प्रमाणात वाढवली असती तर घनफळ भलतंच वाढून हॉल घुमला असता. सॅबिनने ते होऊ दिलं नाही. हॉल लांबट आणि अरुंद ठेवला, बुटांच्या खोक्यासारखा. मॅकिम, मीड अँड व्हाइट या आर्किटेक्ट फर्मने बांधलेला हा बोस्टन सिंफनी हॉल १५ ऑक्टोबर १९०० ला उघडला. आधी आकडेमोड आणि मग बांधकाम असा जगातला हा पहिला मोठा संगीत हॉल.

टाळ्या मात्र लगेच पडल्या नाहीत. काही समीक्षकांनी नाकं मुरडली आणि सॅबिनला ते फार लागलं. गंमत म्हणजे त्याचं गणित थोडं चुकलंच होतं. भरलेल्या हॉलसाठी त्याचा हिशेब सुमारे २.३ सेकंदांचा होता, नंतर मोजल्यावर निघाले १.८ ते १.९. फॉर्म्युला बरोबर होता, पण खुर्च्यांवर बसलेली माणसं किती आवाज खातात याचा त्याचा अंदाज कमी पडला. आज हा हॉल जगातल्या सगळ्यात चांगल्या दोन-तीन हॉलमध्ये धरतात. ही मान्यता यायला बरीच वर्षं लागली.

सॅबिनकडे पुढे चर्च, थिएटर, सभागृह यांची कामं येत राहिली. पहिल्या महायुद्धात तो युरोपात गेला, परत येऊन वॉशिंग्टनमध्ये विमानांच्या कामात अडकला आणि हार्वर्डची लेक्चर्सही घेत राहिला. किडनीचं दुखणं होतं. तिकडे बघायला वेळ नव्हता. जॉर्ज फॅब्यान नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याने इलिनॉयमध्ये त्याच्यासाठी, त्याच्याच डिझाइनची, ध्वनीची स्वतंत्र लॅब बांधली. दिवसाही काम करता येईल इतकी शांत. ती तयार झाली आणि १० जानेवारी १९१९ ला, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, सॅबिन गेला. तिथला पहिला प्रयोग त्याला करायला मिळाला नाही. लॅब पुढे त्याच्याच नात्यातल्या पॉल सॅबिनने चालवली. फॉगचा तो लेक्चर हॉल १९७३ मध्ये पाडला.